वर्धक की प्रवर्तक? : लोह-उत्प्रेरक, ओलेफिन आणि एका संज्ञेचा विचार

बारावीच्या वर्गात उत्प्रेरणाचा धडा संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, वर्धक घातला की नेमकं काय वाढतं?" अमोनियाच्या हेबर पद्धतीत लोह हा उत्प्रेरक आणि मॉलिब्डेनम हा वर्धक, असे आम्ही नुकतेच फळ्यावर लिहिले होते. "उत्प्रेरकाची क्रियाशीलता वाढते, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढतो," असे उत्तर मी दिले. परीक्षेला ते पुरेसे होते. पुढे पदव्युत्तर वर्गाला संश्लेषण वायूपासून ओलेफिने कशी मिळवतात हे शिकवण्याची वेळ आली, तेव्हा आपले जुने उत्तर अर्धवट होते हे लक्षात आले. त्या प्रक्रियेत लोहाला दिलेली पोटॅशियमची जोड काही गोष्टी वाढवते, काही मुद्दाम कमी करते, आणि तिचे मुख्य काम या दोन्हींहून वेगळे आहे.

इंग्रजीत प्रमोटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थांचे लोहावर काय परिणाम होतात ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्याचबरोबर मराठीत त्यांना 'वर्धक' म्हणणे कितपत बरोबर आहे, हेही तपासावयाचे आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पदार्थाचे काम नीट समजल्याशिवाय त्याला नाव देता येत नाही, आणि नाव चुकले तर विद्यार्थ्याची समजूतही त्या नावामागे चुकीच्या वाटेने जाते.

१. ओलेफिन आणि संश्लेषण वायू

एथिलीन, प्रॉपिलीन आणि ब्युटिलीन ही हलकी ओलेफिने. यांच्या रेणूत दोन कार्बन-अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. हा बंध उघडून रेणू एकमेकांना जोडता येतात, म्हणून पॉलिथिनच्या पिशवीपासून पॉलिप्रॉपिलीनच्या खुर्चीपर्यंत असंख्य वस्तूंचे मूळ या वायूंत आहे. 'ओलेफिन' या शब्दाचा अर्थ 'तेल घडवणारा'. अठराव्या शतकाच्या अखेरीस डच रसायनज्ञांनी एथिलीनची क्लोरीनशी अभिक्रिया केली तेव्हा तेलकट द्रव तयार झाला, आणि त्या गुणावरून पुढे या गटाला नाव मिळाले. याउलट ज्या हायड्रोकार्बनांत सगळे बंध एकेरी असतात ती पॅराफिने. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अल्प आकर्षण असलेला', म्हणजे सहसा कोणाशी अभिक्रिया न करणारा. लेखात पुढे वारंवार येणारा झगडा या दोन नावांतच सामावलेला आहे. अभिक्रियाशील ओलेफिन हवे आहे. पण भट्टीत हायड्रोजन हजर असल्यामुळे त्याचे पॅराफिन होण्याची भीती सतत असते.

आज बहुतेक ओलेफिने नाफ्था किंवा इथेन यांचे वाफेच्या सान्निध्यात, साधारण ८०० अंश सेल्सियसच्या पुढे भंजन करून मिळवतात. वडोदऱ्याच्या वाचकांना हे उद्योग परके नाहीत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा नाफ्था-भंजन प्रकल्प त्याच शहराच्या वेशीवर उभा राहिला. मात्र या मार्गाला खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूतून मिळणारा कच्चा माल लागतो.

दुसरा मार्ग संश्लेषण वायूचा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे हे मिश्रण कोळसा, नैसर्गिक वायू, शेतातला काडीकचरा, अशा कोणत्याही कार्बनयुक्त पदार्थापासून मिळते. जर्मनीतील म्युल्हाइम येथील कोळसा-संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात या वायूपासून द्रवरूप हायड्रोकार्बने मिळवली. दक्षिण आफ्रिकेतील सासोलबर्ग येथे १९५५ पासून हीच पद्धत लोह-उत्प्रेरकावर मोठ्या प्रमाणात चालली.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९२३ च्या सुमारास फिशर आणि ट्रॉप्श यांनी जे लोह वापरले, ते अल्कलीने संस्कारित केलेले लोखंडाचे कीस होते. त्या वेळी उच्च दाबाखाली अल्कोहोले, आम्ले वगैरेंचे मिश्रण मिळाले आणि त्याला त्यांनी 'सिंथॉल' म्हटले. म्हणजे लोहाला अल्कलीची जोड देण्याची कल्पना या पद्धतीच्या जन्मापासूनची आहे.

२. लोहावर काय घडते

उत्प्रेरक म्हणून भरताना लोह सहसा ऑक्साइडाच्या, म्हणजे गंजाच्या भाऊबंदाच्या रूपात असते. हायड्रोजन किंवा संश्लेषण वायूने त्याचे क्षपण होते. पुढे कार्बन मोनॉक्साइडातील कार्बन लोहात शिरतो आणि लोहाची कार्बाइडे तयार होतात. त्यांपैकी हेग कार्बाइड, ज्यात पाच लोह-अणूंमागे दोन कार्बन-अणू असतात, या कामात विशेष महत्त्वाचे मानले जाते. तेव्हा 'लोह-उत्प्रेरक' हे नाव सोयीचे असले, तरी प्रत्यक्ष काम करणारा पृष्ठभाग बहुतांशी लोह-कार्बाइडाचा असतो.

या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडाचा रेणू चिकटतो, म्हणजेच त्याचे अधिशोषण होते. त्याचा कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो, कार्बनला थोडे हायड्रोजन-अणू जोडले जातात आणि साखळीची एक कडी तयार होते. अशी कडी दुसऱ्या कडीला जोडली जाते. साखळी वाढत असताना दर टप्प्यावर तिच्यासमोर तीन वाटा असतात. आणखी एक कडी जोडून घ्यावी, ही पहिली. एक हायड्रोजन-अणू पृष्ठभागावर सोडून, दुहेरी बंध घेऊन निघून जावे, ही दुसरी. या वाटेने ओलेफिन मिळते. एक हायड्रोजन-अणू घेऊन निघून जावे, ही तिसरी. या वाटेने पॅराफिन मिळते. सर्वांत आखूड कडीने लगेच हायड्रोजन घेतला तर मिथेन होतो. ओलेफिनच्या कारखानदाराला तो नकोसा असतो, कारण मिथेनपासून पुन्हा संश्लेषण वायू करणे हा उलटा व्यापार आहे.

३. साखळीचे गणित

पुढची कडी जोडली जाण्याची शक्यता प्रत्येक टप्प्यावर सारखीच आहे असे धरू आणि तिला अल्फा म्हणू. मग कोणत्या लांबीची साखळी वजनाने किती मिळेल हे साध्या गणिताने सांगता येते. अँडरसन, शुल्झ आणि फ्लोरी यांच्या नावाने ते ओळखले जाते. साखळीतील कार्बन-अणूंची संख्या घ्यावी, तिला 'एक वजा अल्फा' याच्या वर्गाने गुणावे, आणि मग अल्फाने संख्येपेक्षा एक कमी इतक्या वेळा गुणावे.

अल्फा ०.९ असेल तर मिथेन १ टक्का, दोन ते चार कार्बनांची हायड्रोकार्बने सुमारे ७ टक्के आणि बाकी ९२ टक्के लांब साखळ्या, म्हणजे डिझेल आणि मेण. अल्फा ०.५ असेल तर मिथेन २५ टक्के, दोन ते चार कार्बनांची हायड्रोकार्बने सुमारे ५६ टक्के, उरलेली १९ टक्के. अल्फा आणखी खाली, ०.३ वर आणला तर मिथेन ४९ टक्के होतो आणि मधला गट ४८ टक्क्यांवर घसरतो. विद्यार्थ्यांनी वहीत हे आकडे स्वतः काढून पाहावेत. मधला गट कितीही प्रयत्न केला तरी ५७ टक्क्यांच्या आसपास अडतो, आणि त्या ठिकाणी मिथेन २५ ते ३० टक्के असतो. शिवाय या ५७ टक्क्यांत ओलेफिने आणि पॅराफिने दोन्ही आहेत.

म्हणून ओलेफिन हवे असेल तर नुसता वेग वाढवून भागत नाही. वेग दुप्पट केला तर मिथेनही दुप्पट वेगाने होईल. साखळी कोणत्या वाटेने निघून जाते, ते बदलायला हवे. जोडपदार्थांचे खरे काम येथे सुरू होते.

४. जोडपदार्थांची निरनिराळी कामे

पोटॅशियम. हा धातू इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. लोहाच्या पृष्ठभागावर त्याचे संयुग असले की लोहाकडील इलेक्ट्रॉनांची घनता वाढते. मग कार्बन मोनॉक्साइड अधिक घट्ट चिकटतो आणि त्याचा कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो. त्याच वेळी हायड्रोजनचे अधिशोषण मंदावते. पृष्ठभागावर कार्बन जास्त आणि हायड्रोजन कमी, अशी स्थिती झाली की तीन गोष्टी घडतात: मिथेन कमी होतो, साखळ्या लांबतात, आणि निघून जाणाऱ्या साखळीला हायड्रोजन न मिळाल्याने ती ओलेफिन म्हणून बाहेर पडते. मात्र पोटॅशियम जास्त झाले तर साचलेला कार्बन पृष्ठभाग झाकून टाकतो, कण फुटतात आणि काम थंडावते. उडदाच्या पिठात पापडखार घालताना घरातली जाणती बाई हात राखूनच घालते. कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. येथेही तसेच आहे. दाखल्याची मर्यादा एवढीच, की पापडखार पापडाबरोबर पोटात जातो, तर पोटॅशियम लोहापाशीच राहणे अपेक्षित असते.

मँगनीज. लोहाबरोबर याचे मिश्र ऑक्साइड बनते. मिथेन कमी आणि हलकी ओलेफिने जास्त, असा त्याचा कल दिसतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर लोह-मँगनीज उत्प्रेरकांकडे जर्मनीत विशेष लक्ष गेले ते याच कारणाने.

तांबे. हे ओलेफिनच्या वाटेला फारसे जात नाही. त्याच्यामुळे लोह-ऑक्साइडाचे क्षपण कमी तापमानाला होते, एवढे त्याचे मुख्य काम. चूल लवकर पेटवून देणाऱ्या काडीकाटकीसारखे.

सिलिका. ही लोहाच्या कणांना एकमेकांत मिसळून मोठे होऊ देत नाही आणि दाण्याला मजबुती देते. हे काम रचनेचे आहे.

जर्मनीतील रूरकेमी कंपनीच्या प्रसिद्ध उत्प्रेरकात हे घटक एकत्र दिसतात: वजनाने १०० भाग लोहामागे ५ भाग तांबे, ४.२ भाग पोटॅशियम आणि २५ भाग सिलिका. एकाच मिश्रणातल्या तीन जोडपदार्थांची कामे तीन प्रकारची आहेत, आणि आपण तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो.

५. विषाची मात्रा

या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग गंधकाचा आहे. फिशर-ट्रॉप्श पद्धतीत गंधक हे उत्प्रेरकाचे विष मानले जाते. संश्लेषण वायू भट्टीत सोडण्यापूर्वी त्यातले गंधक कसोशीने काढून टाकतात, कारण ते लोहाला कायमचे चिकटते आणि जागा अडवते.

असे असताना २०१२ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या हिर्सा टोरेस गाल्विस, क्राइन डी याँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. लोहाचे अतिसूक्ष्म कण त्यांनी अल्फा-ॲल्युमिना किंवा कार्बनचे नॅनोतंतू अशा, लोहाशी फारशी सलगी न करणाऱ्या आधारद्रव्यांवर पसरले. त्यात सोडियम आणि गंधक यांची अल्प जोड होती. दोन ते चार कार्बनांच्या ओलेफिनांचे प्रमाण वजनाने ६० टक्क्यांपर्यंत गेले, आणि मिथेन वरच्या गणितातून निघतो त्यापेक्षा पुष्कळ कमी राहिला. त्या गणितात पॅराफिने धरूनही मधल्या गटाची कमाल ५७ टक्क्यांच्या आसपास होती, हे येथे आठवावे.

याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की ज्या जागांवर हायड्रोजन साखळीला जोडला जातो त्यांतल्या काही जागा गंधक अडवते आणि सोडियम कार्बन मोनॉक्साइडाची बाजू बळकट करते. म्हणजे गंधक येथेही आपला जुनाच धर्म पाळते, जागा अडवण्याचा. फरक इतकाच, की ज्या जागा अडल्या त्या आपल्याला नको असलेल्या कामाच्या होत्या. गंधक वाढवत नेले की इतर जागाही अडतात आणि ते पुन्हा विष ठरते. मराठीत औषधाच्या प्रमाणालाही मात्रा म्हणतात आणि औषधालाही मात्राच म्हणतात. विष आणि औषध यांतले अंतर प्रमाणाचे असते हे आपल्या भाषेला ठाऊक आहे.

६. टक्केवारी वाचताना

शिक्षकांसाठी येथे एक सूचना. "६० टक्के ओलेफिन" असे वाचले की "कशाच्या ६० टक्के?" हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. लोहावर आणखी एक अभिक्रिया चालते. साखळी वाढताना तयार झालेले पाणी कार्बन मोनॉक्साइडाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन देते. कोळशाच्या किंवा काडीकचऱ्याच्या संश्लेषण वायूत हायड्रोजन कमी असतो, तेव्हा हा घरचा हायड्रोजन उपयोगी पडतो. पण सगळेच पाणी असे खर्ची पडले, तर प्रत्येक दोन कार्बन-अणूंपैकी एक कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. शोधनिबंधांतील टक्केवारी अनेकदा हा कार्बन डायऑक्साइड वगळून दिलेली असते.

समजा, १०० कार्बन-अणूंची अभिक्रिया झाली आणि त्यांतले ४५ कार्बन डायऑक्साइडात गेले. उरलेल्या ५५ पैकी ६० टक्के ओलेफिनांत गेले, तर ओलेफिनांत पोहोचलेले अणू ३३. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. पोटॅशियम ही बाजूची अभिक्रियाही वाढवते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या उपकारांचा हिशोब पुरा होतो.

७. नावाचा प्रश्न

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येऊ. हिंदी पाठ्यपुस्तकांत आणि आपल्या वर्गांत रूढ असलेला 'वर्धक' हा शब्द चुकीचा नाही. तो एका विशिष्ट उदाहरणावरून बेतलेला वाटतो. ते उदाहरण म्हणजे अमोनिया. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या केल्या, तेव्हा स्वीडनमधल्या एका मॅग्नेटाइट खनिजापासून केलेले लोह शुद्ध लोहापेक्षा चांगले काम करते असे दिसले. गुण त्यातल्या अशुद्धींचा होता. त्यातून ॲल्युमिना आणि पोटॅशियम यांची जोड असलेले लोह तयार झाले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे अमोनियाचा कारखाना सुरू झाला. तिथे लोहासमोर वाट एकच आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांतून अमोनियाच होणार. तेव्हा प्रश्न फक्त किती वेगाने, एवढाच उरतो. अशा ठिकाणी वर्धक हा शब्द चपखल बसतो.

संश्लेषण वायूच्या बाबतीत वाटा अनेक आहेत. तेच पोटॅशियम, तेच लोह. पण येथे 'किती' इतकाच 'कुठे' हाही प्रश्न आहे. गंधकाला वर्धक म्हणणे तर कानालाच खटकते. जागा अडवणारा पदार्थ वाढवणारा कसा?

वडोदऱ्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले आणि रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. देशी भाषांतून तंत्रशिक्षण द्यावे हा त्यांचा ध्यास होता, आणि रंगकाम हा तेथील एक मुख्य विषय होता. त्या विषयातला दाखला येथे उपयोगी पडतो. मंजिष्ठाचा रंग तुरटी दिलेल्या कापडावर लाल चढतो आणि लोहाचा क्षार दिलेल्या कापडावर काळपट जांभळा. रंगद्रव्य एकच, जोड वेगळी, फळ वेगळे. रंगारी तुरटीला रंग 'वाढवणारी' म्हणणार नाही. तिला रंगबंधक म्हटले जाते, कारण ती काय करते हे पाहून नाव ठेवले आहे.

त्याच न्यायाने, अभिक्रियेचा कल बदलणाऱ्या पदार्थाला 'प्रवर्तक' म्हणावे असे मी सुचवतो. प्रवृत्त करतो तो प्रवर्तक. या शब्दाची खरी कसोटी वाक्यात लागते. "पोटॅशियम लोहाला ओलेफिनकडे प्रवृत्त करते" हे वाक्य मराठी आहे आणि शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे. "पोटॅशियम लोहाचे वर्धन करते" हे वाक्य व्याकरणाने उभे राहते, पण त्यातून काहीच कळत नाही. 'निवडक्षमता' या संज्ञेशीही प्रवर्तकाचा मेळ बसतो: प्रवर्तक बदलला की उत्प्रेरकाची निवड बदलते.

यावर आक्षेप येतील. पहिला, कंपनी उभी करणाऱ्यालाही वर्तमानपत्रे प्रवर्तक म्हणतात. ते खरे आहे, पण इंग्रजीतही दोन्हींसाठी एकच शब्द आहे आणि तेथे कोणी गोंधळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एखादी अभिक्रिया सुरू करून देणाऱ्या पदार्थासाठीही प्रवर्तक हा शब्द सुचू शकतो. त्यासाठी 'आरंभक' राखून ठेवावा लागेल. तिसरा, तांबे आणि सिलिका कल बदलत नाहीत. त्यांना त्यांच्या कामावरून 'क्षपण-साहाय्यक' आणि 'रचना-साहाय्यक' म्हणता येईल. वेग वाढवणाऱ्यांसाठी वर्धक हा शब्द आहेच. एका शब्दाच्या जागी तीन-चार शब्द आल्याने पाठांतर थोडे वाढेल, पण प्रत्येक शब्द उच्चारताना पदार्थ काय करतो हे आपोआप सांगितले जाईल.

समारोप

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून शास्त्र शिकवणाऱ्यांना परिभाषेची अडचण दुहेरी असते. शेजारच्या भाषेतला शब्द तयार मिळतो आणि तो उचलणे सोपे असते. पुष्कळदा तो चांगलाही असतो. तो घ्यायला हरकत नाही. फक्त घेण्यापूर्वी त्या पदार्थाचे काम एकदा भट्टीपाशी उभे राहून पाहावे. लोह तेच, वायू तोच, आणि शंभरात चार-पाच भागांची जोड पडताच मेण, मिथेन किंवा ओलेफिन यांतले काय जास्त मिळेल ते बदलते. एवढे मोठे काम करणाऱ्या पदार्थाचे नाव ढोबळ असून चालणार नाही.

त्या विद्यार्थिनीने आज तोच प्रश्न विचारला, तर मी तिला आधी उलट विचारीन: "अभिक्रियेसमोर वाटा किती आहेत?" वाट एकच असेल तर वेग वाढतो. वाटा अनेक असतील, तर लोहाची प्रवृत्ती बदलते.